सभागृह, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी : बीड नगरपरिषदेच्या रचनेचा एक अभ्यास

प्रस्तावना :

नागरिकाचा शासनाशी सर्वाधिक निकटचा संबंध येतो तो नगरपरिषदेच्या माध्यमातून. जन्माची नोंद, नळाचे पाणी, रस्त्यावरील दिवा, कचऱ्याची उचल, घराच्या बांधकामाचा परवाना आणि अखेरीस मृत्यूची नोंद या साऱ्या बाबी तिच्या कक्षेत येतात. असे असूनही राज्यशास्त्राच्या अध्यापनात संसद व विधिमंडळ यांना जे स्थान मिळते, ते नगरपरिषदेच्या वाट्याला सहसा येत नाही. पंचायत राज व्यवस्थेवर मराठीत विपुल लेखन झाले, कारण महाराष्ट्राचे राजकारण ग्रामीण पायावर उभे राहिले. महानगरपालिकांचा अभ्यास त्यांच्या आकारमानामुळे होतो. या दोहोंच्या मधल्या लहान शहरांचा कारभार मात्र उपेक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात बीड शहराच्या नगरपरिषदेची रचना, तिच्यातील अधिकारांची विभागणी आणि त्या विभागणीतून निर्माण होणारा उत्तरदायित्वाचा प्रश्न यांची मांडणी केली आहे. बोलीभाषेत 'नगरपालिका' म्हणजे एक इमारत, एक कार्यालय असे समीकरण रूढ झाले आहे. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. कायद्याच्या दृष्टीने नगरपरिषद म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांनी बनलेली निगम संस्था होय. कार्यालय हे त्या संस्थेचे साधन आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे २०२२ ते २०२५ या काळातील प्रशासकीय राजवटीने स्पष्ट केले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने नागरी स्वराज्य संस्थांना लोकनियुक्त स्वरूप मिळण्यास आरंभ झाला. मुंबई इलाख्यातील अनेक शहरांना त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व काळातच निवडणूक, सभा आणि ठराव यांचा सराव झाला. मराठवाड्याची स्थिती निराळी होती. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात असल्याने येथील कारभार प्रामुख्याने अव्वल तालुकदार या जिल्हाप्रमुख अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालत असे. प्रातिनिधिक नागरी संस्थांची परंपरा येथे उशिरा रुजली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाच्या मुक्तीनंतर ही स्थिती पालटू लागली. १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम हा त्या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होय. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नव्या राज्यात मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा या तीन विभागांत नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे चालू होते. त्यांच्या जागी 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या आजच्या नावाने ओळखला जाणारा एकच कायदा आला. बीडची नगरपरिषद आज याच अधिनियमानुसार चालते.

पुढचा टप्पा ७४ व्या घटनादुरुस्तीचा. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने नागरी संस्थांना संविधानात स्थान दिले, पाच वर्षांची मुदत निश्चित केली, राज्य निवडणूक आयोग व राज्य वित्त आयोग यांची तरतूद केली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली. मात्र या विषयांपैकी किती व कोणत्या प्रमाणात सोपवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडेच राहिला.

जिल्ह्यातील नागरी संस्थांचे चित्र :

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि योगायोगाने नागरी स्थानिक संस्थाही ११ आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, माजलगाव, गेवराई व धारूर या ६ नगरपरिषदा, तर आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार), वडवणी व केज या ५ नगरपंचायती होत. प्रत्येक तालुक्याच्या मुख्यालयी एक नागरी संस्था असे हे चित्र गेल्या दशकात पूर्ण झाले. पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या तालुका मुख्यालयांचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याचे धोरण राज्य शासनाने स्वीकारले, त्याचा हा परिणाम होय.

अधिनियमानुसार १ लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद 'अ' वर्गात, ४० हजारांहून अधिक व १ लाखापर्यंतची 'ब' वर्गात आणि त्याखालील 'क' वर्गात मोडते. २०११ च्या जनगणनेनुसार बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ असल्याने ही 'अ' वर्ग नगरपरिषद आहे. परळी वैजनाथची लोकसंख्या त्याच जनगणनेत ९०,९७५ होती. वर्ग बदलला की सदस्यसंख्या, समित्यांची रचना, पदांचा आकृतिबंध आणि अधिकाऱ्यांची श्रेणी यांवर परिणाम होतो. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही आणि पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा आहे. म्हणजेच शहराचे वर्गीकरण, प्रभागरचना व आरक्षण यांचा आधार अद्याप २०११ चीच आकडेवारी आहे. या अवधीत शहराच्या कडेने ज्या वसाहती वाढल्या, त्यांचा भार सेवांवर पडतो. गणनेत तो दिसत नाही.

सत्तेची तीन केंद्रे :

नगरपरिषदेच्या अंतर्गत रचनेत तीन केंद्रे आहेत. त्यांचा उगम वेगवेगळा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्यातील संबंध उमगत नाहीत.

१) सभागृह : प्रभागांतून निवडून आलेले नगरसेवक व मर्यादित संख्येतील नामनिर्देशित सदस्य यांचे मिळून सभागृह बनते. नामनिर्देशित सदस्यांना नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान वा अनुभव असावा अशी अपेक्षा आहे. त्यांना सभेत मतदानाचा अधिकार नसतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्यासाठी जागा राखीव असतात. महिलांचे आरक्षण प्रथम एक तृतीयांश होते, २०११ पासून ते निम्मे झाले. अंदाजपत्रकास मंजुरी, कराचे दर ठरविणे, विकासकामांना मान्यता, उपविधी करणे हे अधिकार सर्वसाधारण सभेचे आहेत. सभेपुढे विषयपत्रिका येते, चर्चा होते, ठराव होतो आणि इतिवृत्तात त्याची नोंद राहते. नगरपरिषदेची इच्छा म्हणजे हा ठराव होय.

सभागृहाचे काम स्थायी समिती व विषय समित्यांमार्फत अधिक बारकाईने व्हावे, अशी योजना आहे. सार्वजनिक बांधकाम, शिक्षण, स्वच्छता व आरोग्य, पाणीपुरवठा व जलनिःसारण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण या विषय समित्या होत. नगराध्यक्ष हे स्थायी समितीचे पदसिद्ध सभापती असतात आणि विषय समित्यांचे सभापती तिचे सदस्य असतात.

२) नगराध्यक्ष : नगराध्यक्षांच्या निवडीची पद्धत महाराष्ट्रात वारंवार बदलली. २००१ मध्ये ते थेट जनतेतून निवडले गेले. २००६ मध्ये ही निवड पुन्हा नगरसेवकांकडे गेली. २०१६ मध्ये थेट निवड परत आली. बीडमध्ये त्या वर्षी डॉ. भारतभूषण क्षीरसागर थेट मतदानाने नगराध्यक्ष झाले. २०२० मध्ये थेट निवड रद्द करण्यात आली आणि २०२२ मध्ये ती पुनः स्थापित झाली. राज्यातील सत्तांतराबरोबर ही पद्धत बदलत आली, हे या क्रमावरून दिसून येते.

दोन्ही पद्धतींचे परिणाम भिन्न आहेत. नगरसेवकांनी निवडलेला नगराध्यक्ष बहुमतावर अवलंबून असतो. गट फुटला की त्याचे आसन डळमळते. थेट निवडलेल्या नगराध्यक्षास संपूर्ण शहराचा कौल लाभतो. तथापि सभागृहातील बहुमत प्रतिपक्षाचे असल्यास ठराव संमत होणे कठीण जाते. अशा वेळी दोघांनाही जनतेचा कौल असतो आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

३) मुख्याधिकारी : मुख्याधिकारी हे नगरपरिषदेचे प्रशासकीय प्रमुख होत. त्यांची नियुक्ती व बदली राज्य शासन करते. ठरावांची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवरील नियंत्रण, करवसुली, बांधकाम परवानगी, अतिक्रमणाविरुद्धची कारवाई आणि अंदाजपत्रकाचा मसुदा ही कामे त्यांच्या अखत्यारीत येतात. लेखा, अभियांत्रिकी, कर यांसारख्या विभागांतील पदेही आता राज्यस्तरीय संवर्गांत आहेत. म्हणजे ज्यांच्याकडून सभागृह काम करून घेते, त्यांपैकी प्रमुखांची सेवाविषयक सूत्रे सभागृहाच्या हाती नाहीत.

या व्यवस्थेस सबळ कारण आहे. स्थानिक गटबाजीच्या दबावापासून अधिकारी मुक्त राहावा, कायद्याविरुद्धच्या ठरावास त्याने निर्भयपणे आक्षेप घ्यावा, हा त्यामागील हेतू. परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, नळाला पाणी न आल्यास मतदार ज्या नगरसेवकाचे दार ठोठावतो, त्याच्याकडे अंमलबजावणीचा अधिकार नाही. आणि ज्याच्याकडे तो अधिकार आहे, त्यास मतदारासमोर जावे लागत नाही. मुख लोकप्रतिनिधीचे आणि हात प्रशासनाचे, असे या रचनेचे वर्णन करता येईल. ती चालते ती या दोहोंना जोडणाऱ्या सभागृहामुळे.

राज्य शासनाचे नियंत्रण :

नगरपरिषदेवर मंत्रालयातील नगरविकास विभाग, नगरपरिषद प्रशासन संचालनालय, विभागीय आयुक्त व जिल्हाधिकारी अशी नियंत्रणाची साखळी आहे. अधिनियमाच्या कलम ३०८ अन्वये नगरपरिषदेचा ठराव बेकायदेशीर अथवा लोकहितास बाधक वाटल्यास जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. गंभीर कसुरीच्या प्रसंगी नगरपरिषद विसर्जित करण्याचा अधिकार शासनास आहे. मात्र संविधानानुसार सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक होणे आवश्यक ठरते. हिशेबांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. शहराचा विकास आराखडा नगरपरिषद तयार करते, त्यास अंतिम मंजुरी शासन देते.

आर्थिक रचना :

मालमत्ता कर हा नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा कणा आहे. त्याची आकारणी चार वर्षांनी सुधारावयाची असते. त्याच्या जोडीला पाणीपट्टी, विकास शुल्क, गाळेभाडे, बाजार फी व जाहिरात शुल्क ही साधने आहेत. मालमत्ता कराच्या देयकात दिसणारा शिक्षण कर व रोजगार हमी कर हा नगरपरिषदेचा नसतो. तो वसूल करून शासनाकडे भरावा लागतो. नागरिक मात्र संपूर्ण रक्कम नगरपरिषदेच्या नावावर जमा धरतो.

पूर्वी जकात हे रोखीने व दररोज मिळणारे साधन होते. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान मिळू लागले. व्यापाऱ्यांची नाक्यावरील अडचण दूर झाली हे खरे. पण शहराचा व्यापार वाढला की नगरपरिषदेचे उत्पन्न आपोआप वाढावे, हा दुवा तुटला. वेतनासाठीही अनुदानाची वाट पाहण्याची स्थिती अनेक नगरपरिषदांत आली. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि विशिष्ट योजनांची अनुदाने यांवरच मोठी कामे अवलंबून असतात. मालमत्ता कर वाढविणे मताच्या दृष्टीने गैरसोयीचे आणि अनुदान मिळविणे कर्तृत्वाचे, अशी मनोवृत्ती त्यातून बळावते. कर देणारा नागरिक हिशेब विचारतो, अनुदान देणारे शासन उपयोगिता प्रमाणपत्र मागते. उत्तरदायित्वाची दिशा त्यामुळे शहराकडून मंत्रालयाकडे वळते.

पाणीपुरवठ्याचे उदाहरण :

बीडच्या पाण्याचा इतिहास नगरपरिषदेहून फार जुना आहे. शहराच्या दक्षिणेस असलेली निजामशाही काळातील खजाना विहीर आणि तिला जोडलेले भूमिगत पाट या पर्जन्यछायेतील प्रदेशाच्या जलव्यवस्थापनाची साक्ष देतात. आधुनिक काळात बिंदुसरा नदीवरील धरण व पुढे माजलगाव धरण ही शहराच्या पाणीपुरवठ्याची प्रमुख साधने झाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत अभियानात बीडचा समावेश झाला.

आता या एकाच सेवेतील अधिकारांचे वाटप पाहू. धरणातील साठा जलसंपदा विभागाच्या ताब्यात. टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्याचे आरक्षण ठरते ते जिल्हा पातळीवर. मोठ्या योजनेच्या आराखड्यात व बांधकामात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची भूमिका. पंप चालण्यासाठी वीज महावितरणची. देयक थकले की पुरवठा खंडित होण्याची शक्यता. निधी केंद्र व राज्याचा. गल्लीतील वितरण, दुरुस्ती व पाणीपट्टीची वसुली तेवढी नगरपरिषदेची. पाणी किती दिवसांआड येणार हे या सर्वांच्या समन्वयावर ठरते आणि त्याचा जाब विचारला जातो तो नगरसेवकास.

बिंदुसरा नदीबाबतही हेच आढळते. ही नदी शहराचे दोन भाग करते. तिला १९८९ च्या जुलैमध्ये आलेल्या पुराने शहराची मोठी हानी केली होती. नदीपात्र, पूररेषा, पूल, काठावरील बांधकाम आणि पात्रात जाणारे सांडपाणी या बाबी वेगवेगळ्या यंत्रणांकडे विभागलेल्या आहेत. त्यांचा एकत्रित विचार करू शकेल असे लोकनियुक्त व्यासपीठ शहरात एकच आहे, ते म्हणजे नगरपरिषदेचे सभागृह.

सभागृहाविना नगरपरिषद :

२०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांनी संपली आणि बीडमध्ये प्रशासकीय राजवट आली. राज्यातील बहुसंख्य नागरी संस्थांची हीच अवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लागू केली. समर्पित आयोग, प्रत्यक्ष आकडेवारी आणि एकूण आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा या त्या कसोटीच्या अटी. त्यानंतर आयोगाची नियुक्ती, प्रभागरचनेचे बदल आणि न्यायालयीन प्रक्रिया यांत वर्षे गेली. ६ मे २०२५ च्या अंतरिम आदेशाने निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका पार पडल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील सहाही नगरपरिषदा होत्या.

संविधानाचा अनुच्छेद २४३-यू मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्यास सांगतो. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधोरेखित केले होते. सामाजिक न्यायासाठी आरक्षण आणि मुदतीत निवडणूक ही दोन्ही घटनात्मक मूल्ये आहेत. एकाची सोडवणूक होईपर्यंत दुसरे जवळपास चार वर्षे थांबून राहिले.

या काळात कार्यालय बंद नव्हते. दाखले मिळत होते, देयके निघत होती, कामांच्या निविदा प्रसिद्ध होत होत्या. काही निर्णय वादविवाद टळल्याने अधिक त्वरेने झाले असतील, हेही नाकारण्याचे कारण नाही. मग उणे काय झाले ? प्रशासकाकडे सभागृह, स्थायी समिती व नगराध्यक्ष या सर्वांचे अधिकार एकवटतात. प्रशासकपद मुख्याधिकाऱ्यांकडेच असल्यास प्रस्ताव मांडणारा आणि त्यास मान्यता देणारा एकच असतो. महसूल खात्यातील अधिकारी प्रशासक असल्यास व्यक्ती दोन राहतात, परंतु दोघेही एकाच शासनास उत्तरदायी असतात. ठराव होतो, त्यामागे चर्चा नसते. अंदाजपत्रक मंजूर होते, त्यास उपसूचना येत नाही. 'आमच्या प्रभागाला का वगळले' हा प्रश्न इतिवृत्तात उमटत नाही. जिल्हा नियोजन समितीतील चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून यावयाचे असतात. निर्वाचित सदस्यच नसल्याने शहराचा तेथील आवाजही क्षीण झाला.

येथे आणखी एक त्रुटी नोंदविणे आवश्यक आहे. संविधानाने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. बीड जिल्ह्यातील एकही शहर या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. ग्रामीण भागात ग्रामसभा आहे, महानगरात प्रभाग समिती आहे. लहान शहरातील नागरिकास या दोहोंच्या तोडीचे वैधानिक व्यासपीठ संविधानाने दिलेले नाही. त्यामुळे येथे सभागृह नसणे याचा अर्थ चर्चेची शेवटची जागाही नसणे असा होतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, नगरपरिषदेच्या रचनेत लोकप्रतिनिधित्व व अंमलबजावणी जाणीवपूर्वक वेगळी ठेवली आहे आणि त्यांना जोडण्याचे कार्य सभागृह करते. दोन, नगराध्यक्ष निवडीची पद्धत वारंवार बदलल्याने उत्तरदायित्वाचे संकेत स्थिर झाले नाहीत. तीन, जकात गेल्यानंतर अनुदानावरील अवलंबित्व वाढून नागरिक व नगरपरिषद यांच्यातील आर्थिक नाते दुर्बल झाले. चार, पाण्यासारख्या मूलभूत सेवेत जबाबदारी एकीकडे व अधिकार अनेकांकडे अशी विषम विभागणी आहे. पाच, प्रशासकीय काळाने हे दाखविले की सभागृहाविना कार्यालय चालू शकते, परंतु त्यास स्थानिक स्वराज्य म्हणता येत नाही.

यावर सुचविता येण्यासारखे उपाय खर्चिक नाहीत. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि प्रभागनिहाय खर्च नियमितपणे जनतेसाठी खुला करणे, ३ लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांतही प्रभाग पातळीवरील सभांची तरतूद अमलात आणणे, तसेच नव्या सदस्यांना अंदाजपत्रक व अधिनियम यांचे प्रशिक्षण देणे हे त्यांपैकी काही होत. या शेवटच्या कामी स्थानिक महाविद्यालये सहज पुढाकार घेऊ शकतात. राज्यशास्त्र, लोकप्रशासन, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांच्या विद्यार्थ्यांना आपल्याच शहराचे अंदाजपत्रक वाचावयास दिले, तर पाठ्यपुस्तकातील विकेंद्रीकरणाची संकल्पना त्यांना स्वतःच्या गल्लीत पडताळून पाहता येईल. चार वर्षांच्या खंडानंतर बीडचे सभागृह पुनः अस्तित्वात आले आहे. ते केवळ हात उंचावण्याचे स्थान न राहता प्रश्न विचारण्याचे स्थान व्हावयाचे असेल, तर त्याचे कामकाज वाचणारे, समजून घेणारे व त्याची दखल घेणारे नागरिक सभागृहाबाहेर असणे तितकेच आवश्यक आहे.